पुडी कुणाची, माल कुणाचा : ओरॅकलचा क्लायंट आणि युनिक्सचे पॅकेजकार

आजचा विषय नावावरून कोरडा वाटेल. एका कंपनीच्या डेटाबेसचा छाटून लहान केलेला भाग, आणि तो लिनक्स, फ्रीबीएसडी यांसारख्या युनिक्सवजा प्रणालींवर नीट बसावा म्हणून काही माणसांनी वर्षानुवर्षं केलेली खटपट, एवढाच तो आहे. पण आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, आणि या खटपटीत आम्हांला एक जुनाच प्रश्न दिसतो. जी वस्तू आपली नाही, जी उघडून पाहता येत नाही, बदलता येत नाही, तिची जबाबदारी माणूस घेऊ शकतो का? आणि घेतली, तर ती नेमकी कशाची घेतो?

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. डेटाबेस म्हणजे माहितीचं भांडार. ते ज्या यंत्रावर असतं तो सर्व्हर. आपण भांडारात शिरत नाही, आपण खिडकीशी उभे राहतो. विचारलेला प्रश्न भांडाराला कळेल अशा बोलीत आत पोचवायचा आणि आलेलं उत्तर आपल्या हातात द्यायचं, हे काम करणारा जो प्रोग्रॅम किंवा ज्या लायब्ररी, तो क्लायंट. भांडार कितीही मोठं असलं तरी क्लायंट नसेल तर आपल्या दृष्टीनं ते कुलूपबंदच.

आता थोडा इतिहास. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना एका निबंधात मांडली. माहिती कुठं, कशी ठेवली आहे याच्याशी विचारणाऱ्याचा संबंध नसावा, त्यानं फक्त काय हवं ते सांगावं, असा तिचा गाभा. १९७७ मध्ये लॅरी एलिसन, बॉब मायनर आणि एड ओट्स यांनी एक छोटी कंपनी काढली. तिनं १९७९ मध्ये ओरॅकल हा डेटाबेस बाजारात आणला. गंमत म्हणजे पहिल्याच मालावर आवृत्तीचा आकडा दोन होता, 'आवृत्ती एक' कधी विकलीच गेली नाही. १९८३ मध्ये तो सी भाषेत पुन्हा लिहिला गेला, त्यामुळे अनेक तऱ्हांच्या यंत्रांवर नेता आला. १९८५ च्या पाचव्या आवृत्तीत भांडार एका यंत्रावर आणि विचारणारा दुसऱ्या यंत्रावर, अशी विभागणी आली. आपल्या गोष्टीतला क्लायंट तिथून वेगळा निघाला.

दुसरीकडे वेगळंच काही घडत होतं. १९९१ मध्ये लिनक्स आलं, १९९३ मध्ये फ्रीबीएसडी आणि डेबियन हे दोन प्रकल्प सुरू झाले. यांच्याकडे विकायला माल नव्हता. जगभर विखुरलेले प्रोग्रॅम गोळा करून, ते एकमेकांच्या पायात येणार नाहीत अशा रीतीनं बसवणं, हे यांचं मोठं काम. त्यातून पॅकेज ही कल्पना पक्की झाली. फ्रीबीएसडीमध्ये १९९४ च्या सुमारास जॉर्डन हबर्ड यांच्या पुढाकारानं 'पोर्ट्स' नावाचा संग्रह सुरू झाला. एक पोर्ट म्हणजे एक कृती, अगदी स्वयंपाकाच्या वहीतल्यासारखी : मूळ सामान कुठून आणायचं, ते भेसळीचं नाही हे कसं तपासायचं, त्याला आणखी काय काय लागतं, कोणती फाइल कुठं ठेवायची. आणि नको झालं तर मागं कचरा न ठेवता काढायचं कसं, हेही.

म्हणून पॅकेज म्हणजे नुसतं बोचकं नव्हे. किराणा दुकानात पुडी बांधणारा माणूस जसं न बोलता सांगत असतो की आत आहे ते तोलून, निवडून दिलेलं आहे, तसं ते एक आश्वासन असतं. फरक इतकाच, की पॅकेज बांधणाऱ्याला बहुतेक वेळा कुणी पैसे देत नाही.

आता हे दोन प्रवाह समोरासमोर आले. १९९८ मध्ये ओरॅकलनं आपला डेटाबेस लिनक्सवर आणायचं जाहीर केलं. पण त्या काळचा क्लायंट बसवणं म्हणजे एक सोहळाच होता. त्याचा स्वतःचा, जावामध्ये लिहिलेला, खिडक्या उघडणारा इन्स्टॉलर. त्याचं स्वतःचं घर, 'ओरॅकल होम'. त्याच्या मुख्य लायब्ररीची जोडणी तुमच्या यंत्रावर नव्यानं व्हायची. शेवटी एक स्क्रिप्ट यंत्राच्या मालकाच्या, म्हणजे रूटच्या, अधिकारानं चालवावी लागे. पाहुणा आला तो स्वतःची चूल, स्वतःची भांडी आणि स्वतःचा पाण्याचा हंडा घेऊन, असा प्रकार. पाहुणा वाईट होता असं नाही. मोठ्या कचेऱ्यांत जिथं एक संपूर्ण यंत्र ओरॅकलसाठीच राखलेलं असे, तिथं हे चालून जाई. पण ज्याला पर्ल किंवा पीएचपीमधून दोन ओळींचा प्रश्न विचारायचा आहे, त्याला ते ओझं होतं.

२००३ मध्ये १०जी ही आवृत्ती जाहीर झाली आणि तिच्याबरोबर 'इन्स्टंट क्लायंट' आला. इन्स्टॉलर नाही, ओरॅकल होमची सक्ती नाही. एक झिप किंवा आरपीएम फाइल, तिच्यात मोजक्या लायब्ररी. एक मुख्य बोलणारी, एक सुरक्षेची आणि एक भलीमोठी, जिच्यात भाषा, अक्षरसंच आणि चुकांचे संदेश यांचा साठा. पुढच्या उपआवृत्तीत याहून छाटलेला 'बेसिक लाइट' आला.

मिलिंद राजा आणि नागसेन यांचा रथाबद्दलचा संवाद आपल्याला ठाऊक आहे. चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, असं विचारत जायचं. इन्स्टंट क्लायंटनं हाच प्रश्न व्यवहारात विचारला : काय काय काढून टाकलं तरी क्लायंट हा क्लायंट राहतो? पण यात एक मेख आहे. 'अनावश्यक' हा शब्द निराधार वापरता येत नाही. कुणाला अनावश्यक, हे विचारावं लागतं.

लाइटचंच पाहा. त्यात चुकांचे संदेश फक्त इंग्रजीत. अक्षरसंच मोजके : आस्की, पश्चिम युरोपचे काही आणि युनिकोड. आपली मराठी युनिकोडमध्ये साठवली असेल तर काहीच अडचण नाही. पण युनिकोड रुळण्याआधी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक होतं. १९९१ मध्ये ते भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालं. ओरॅकलच्या पूर्ण यादीत त्याच्यासाठी एक अक्षरसंच आहे. लाइटमध्ये तो नाही. म्हणजे इस्कीत ठेवलेलं जुनं भांडार असेल तर हा लाइट क्लायंट त्याला चालायचा नाही, पूर्ण 'बेसिक'च घ्यावा लागेल. कुणी डाव साधला असं आम्ही म्हणत नाही. छाटणी करताना कुठंतरी रेघ मारावीच लागते. एवढंच, की रेघ मारणारा आणि रेघेपलीकडे उरलेला ही दोन वेगळी माणसं असतात.

बरं, माल आटोपशीर झाला. आता पुडी बांधायला हरकत काय? हरकत परवान्याची होती. झिप फुकट मिळे, पण तुम्ही कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, अटी मान्य असल्याची खूण करायची आणि मगच उतरवून घ्यायची. पॅकेजकारानं ती स्वतःच्या भांडारात ठेवून सगळ्यांना वाटायची सोय नव्हती. मग फ्रीबीएसडीच्या आणि जेंटूच्या लोकांनी काय केलं? त्यांनी मालाशिवाय पुडी बांधली.

हे जरा नीट समजून घेऊ. पोर्टमध्ये क्लायंटचा एक अक्षरभरही भाग नाही. तुम्ही ते बसवायला गेलात की ते थांबतं आणि सांगतं : अमुक नावाची फाइल तुम्ही स्वतः, अटी वाचून, आणा, आणि अमुक जागी ठेवा. तुम्ही ती आणून ठेवली की ते तिची ओळख पटवतं. प्रत्येक फाइलवरून गणितानं एक लांबलचक ठसा काढता येतो, तो कृतीत आधीच नोंदलेला असतो. ठसा जुळला तरच पुढची कृती चालते. जेंटूमध्ये याला 'आणण्यावर निर्बंध' अशा अर्थाची एक खूणच असते. डेबियननं वेगळी वाट काढली. त्यांच्या १९९७ च्या सामाजिक करारातच मुक्त आणि अमुक्त यांच्यात भेद आहे. जो प्रोग्रॅम स्वतः मुक्त आहे पण ज्याला अमुक्त वस्तूची गरज लागते, त्याच्यासाठी 'कॉन्ट्रिब' नावाचा वेगळा कप्पा आहे. आरपीएमची फाइल डेबियनच्या घाटात बदलून देणारं 'एलियन' नावाचं अवजारही होतं, अनेकांनी इन्स्टंट क्लायंट त्यातूनच काढून वापरला.

पण अडचणी इथं संपत नाहीत. फ्रीबीएसडीसाठी ओरॅकलनं इन्स्टंट क्लायंट काढला नाही, तिथं लिनक्सचाच घ्यावा लागे. फ्रीबीएसडीमध्ये लिनक्सचे प्रोग्रॅम चालवणारा एक थर आहे, त्यामुळे एसक्यूएल-प्लस हा तयार प्रोग्रॅम चालून जाई. पण लिनक्सची लायब्ररी फ्रीबीएसडीच्या अस्सल पर्लला किंवा पीएचपीला जोडता येत नाही. म्हणजे खिडकीवर माणूस आहे, पण तो आपल्या घरच्यांशी बोलत नाही. त्याच्याशी बोलायचं तर पर्लही लिनक्सचं आणा, त्याला लागणारं सगळंही लिनक्सचंच आणा. छाटून लहान केलेल्या वस्तूपायी पुन्हा अख्खं बिऱ्हाड आलंच.

आणखी बारीक गोष्टी होत्या. मुख्य लायब्ररीच्या नावाच्या शेवटी आवृत्तीचा आकडा असे. प्रोग्रॅम जोडताना मात्र आकड्याविना नाव शोधलं जातं. साध्या नावाचा तो दुवा झिपमध्ये बरीच वर्षं नसे, तो हातानं करावा लागे. कृतीत ती एक ओळ असते. पण ती ओळ कुणाच्या तरी वाया गेलेल्या संध्याकाळीतून आलेली असते, आणि पुढच्या हजारजणांची संध्याकाळ वाचवते.

आता आमच्या प्रश्नाकडे येऊ. मूळ स्रोत हातात असेल तर पॅकेजकार दुरुस्ती करू शकतो. इथं तो करू शकत नाही. अलीकडचं उदाहरण घ्या. संगणकातली वेळ ३२ बिटांत मोजली तर ती २०३८ मध्ये संपते. त्यावर उपाय म्हणून डेबियन आणि उबुंटू यांनी अनेक लायब्ररींची नव्यानं जुळणी केली, त्यात काहींची नावं बदलली. त्यातली एक लायब्ररी इन्स्टंट क्लायंटला लागते. उबुंटूच्या २०२४ च्या आवृत्तीत ती नव्या नावानं आली, आणि जुन्या नावानं शोधणारा बंद क्लायंट 'सापडत नाही' म्हणून थांबला. मुक्त प्रोग्रॅम असता तर तो पुन्हा जुळवून घेतला असता. इथं जुन्या नावाचा दुवा करून देणं एवढंच हातात राहिलं.

याच्या शेजारी फ्रीटीडीएस ठेवून पाहा. सायबेस आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या डेटाबेसशी बोलण्याची जी बोली, ती समजून घेऊन लोकांनी स्वतःचा मुक्त क्लायंट लिहिला. तिथं पॅकेजकार मालाचीही जबाबदारी घेऊ शकतो. ओरॅकलच्या बाबतीत त्याला ते शक्य नव्हतं. त्यानं घेतली ती जबाबदारी मालाची नव्हे, वाटेची. ही फाइल तीच आहे जी मी तपासली, ती अमुक जागीच बसेल, दुसऱ्या कशाला धक्का लावणार नाही, आणि काढलीत तर पूर्ण निघेल. आत काय आहे ते त्याला ठाऊक नाही, आणि तसं तो लपवतही नाही. आम्हांला ही नीतीच्या दृष्टीनं फार स्वच्छ भूमिका वाटते. जबाबदारी अधिकाराइतकीच घ्यायची, पण जेवढी घेतली तेवढी पुरती निभावायची. आपल्याकडे बहुधा उलटं दिसतं : सगळ्याची हमी देणारे पुष्कळ, आणि तक्रार घेऊन गेलं की खिडकी बंद.

पुढं काय झालं? २०१९ मध्ये लिनक्सवरचा इन्स्टंट क्लायंट खातं न उघडता, खूण न करता उतरवता येऊ लागला. यंत्रानं यंत्रासाठी आपोआप आणण्याच्या जमान्यात माणसाची खूण मागणं कठीणच होतं. २०२२ मध्ये ओरॅकलनं पायथनसाठी नवा चालक काढला, तो नेहमीच्या कामासाठी इन्स्टंट क्लायंटशिवायच सर्व्हरशी बोलतो, आणि त्याचा स्रोत खुला आहे. छाटता छाटता क्लायंट एका भाषेच्या नेहमीच्या पॅकेजात मावला.

म्हणजे मालाशिवाय बांधलेल्या त्या पुड्यांची गरज हळूहळू सरते आहे. त्या कृती कुणी संग्रहालयात ठेवणार नाही. पण तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना आपण कॉड आणि एलिसन यांच्यापाशी थांबतो, हे अपुरं आहे. कल्पना एकानं मांडली, माल दुसऱ्यानं विकला, आणि तो आपल्या यंत्रावर चालला तो तिसऱ्याच कुणीतरी लिहिलेल्या वीसपंचवीस ओळींमुळे. तुमच्या यंत्रावर अशी एखादी कृती असेल तर ती एकदा उघडून वाचा. तिच्यात सांभाळणाऱ्याचा पत्ताही बहुधा दिलेला असतो, काही बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळावं म्हणून.

आम्ही इथं थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.