क्रूसावरची अक्षरं

गेल्या महिन्यात नववीच्या तासाला पंडिता रमाबाईंचा विषय निघाला. आमची शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथं उर्दूबरोबर मराठीही शिकवतो. फळ्यावर ‘निष्ठा’ लिहून शेजारी ‘वफा’ लिहिलं होतं. मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, इनो तो मजहब बदले थे ना? फिर वफादार कैसे?”

तास संपत आला होता. मी काहीतरी बोललो, पण मुलीचं समाधान झालं नाही, आणि खरं तर माझंही. हा लेख तिच्यासाठी.

रमाबाई १८५८ च्या. वडिलांनी आणि आईनं संस्कृत शिकवलं, आणि १८७७ च्या आसपासच्या दुष्काळात दोघंही गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पुढं लग्न झालं, दोन वर्षांत पती वारले. १८८३ मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथं मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला. इकडं पुण्यात गदारोळ झाला. एवढी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेक जण इथंच थांबतात.

वाँटेजच्या मठातल्या सिस्टर त्यांच्या आश्रयदात्या. परका देश, पदरी मूल, हातात पैसा नाही. अशा बाईनं गप्प राहायला हवं होतं. पण चर्चची शिकवण त्या प्रश्न विचारल्याशिवाय घेईनात. मांसाहार केला नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन शब्द होते, त्यालाही त्यांची हरकत. अक्षरं हवीत तर संस्कृत हवीत. आमची भाषा तुमच्या लॅटिनहून कमी का मानावी, असा त्यांचा सवाल. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली ती दुसऱ्याच्या जोखडात घालायला नव्हे, अशा अर्थाचं त्यांनी लिहून कळवलं. ज्यांच्या घरी आपण जेवतो त्यांना असं लिहायला काय छाती लागत असेल!

परत येऊन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिकवायचं, धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असं ठरलं होतं. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा ‘केसरी’नं टीका केली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला इथं रमाबाईंची बाजू पूर्ण घेता येत नाही. आपली मुलगी दुसऱ्यांच्या शाळेत घालताना आईबापाला जी धास्ती असते, ती मी दर जूनमध्ये आमच्या मोहल्ल्यात बघतो. पण दार लावून प्रार्थना करणं त्यांना लपवाछपवीसारखं वाटलं असणार. त्यांनी दार उघडंच ठेवलं.

१८९७ चा प्लेग आला. पुण्यात रँडचा अंमल. प्लेगच्या इस्पितळात बायकांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती वळणाच्या पत्रात उघड लिहिलं. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. सरकार त्यांच्याच धर्माचं, पत्र वाचणारे त्यांच्याच धर्माचे, पैसे पाठवणारेही त्याच धर्माचे. तरी लिहिलं. त्याच सुमारास मध्य प्रांतातल्या दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहत होतं. पुढच्या दुष्काळानंतर तिथं दोन हजारांच्या आसपास मुली-बायका होत्या.

आमच्या भागाशी त्यांचा धागा थोडा आहे. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात, गुलबर्गा सुभ्यात. त्याच गुलबर्ग्याला मनोरमाबाईंच्या साथीनं त्यांनी १९१२ च्या सुमारास शाळा काढली.

भाषाशिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं ते त्यांचं शेवटचं काम. बायबल मराठीत होतं, पण ते संस्कृतनं जड झालंय, केडगावच्या बायकांना कळत नाही, असं त्यांचं मत. मग उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि पंधराहून अधिक वर्षं भाषांतर करत बसल्या. क्रूसावर संस्कृतचा हट्ट धरणारी ही बाई आता संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत होती. मला यात कोलांटउडी दिसत नाही. वाँटेजला समोर सिस्टर होत्या, केडगावला दुष्काळातून आलेल्या पोरी.

मलाही दोन्हीकडून विचारलं जातं. एका प्रशिक्षणात कुणी म्हणालं, “तुम्ही मराठी शिकवता? वा, छान बोलता!” आणि आमच्याच एका चाचांनी विचारलं, “उर्दू छोड के मराठी काय को?” दोन्ही वेळा मी हसून वेळ मारून नेली. रमाबाईंनी नेली नसती.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक, सगळा कारभार जिच्या हाती द्यायचा ती. भाषांतर थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या तेव्हा ते पुरं होत आलेलं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये निघालं. ते छापलं केडगावच्या छापखान्यात, तिथल्याच बायकांनी.