नामदेवांचा मुलूख आणि मराठी शाळेसाठीचा संघर्ष

१/ हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी नामदेव हे गाव आहे. परंपरेनुसार संत नामदेवांचा जन्म १२७० मध्ये येथे झाला. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथ साहिबात आहेत. ज्या भूमीचा संत पंजाबपर्यंत पोहोचला, तेथील मुलांना शंभर वर्षांपूर्वी सरकारी माध्यमिक शाळेत मराठीतून शिकता येत नव्हते. असे का?

२/ नरसी तेव्हा परभणी जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात मराठी भाषक सुमारे एक चतुर्थांश, तर उर्दू भाषक साधारण दहांत एक. तरीही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीची जागा घेऊन उर्दू ही राज्यकारभाराची भाषा झाली होती.

३/ १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले. विज्ञान, कायदा, वैद्यक यांची पुस्तके उर्दूत आणणारे भाषांतर खाते उभे राहिले. इंग्रजीखेरीज भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे या प्रयोगाने सिद्ध केले. त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु निवडलेली भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती.

४/ परिणाम माध्यमिक शाळेत दिसला. प्राथमिक वर्गांत मराठी चाले; पुढे गणित, इतिहास, भूगोल उर्दूतून. शिवाय अशा शाळा मोजक्या, बहुधा मोठ्या गावांत. खेड्यातील शेतकऱ्याच्या मुलापुढे अंतर आणि भाषा असे दोन अडथळे एकाच वेळी उभे राहत.

५/ यावर समाजाने स्वतः उत्तर शोधले. औरंगाबादेत १९१५ मध्ये सरस्वती भुवन, हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईत योगेश्वरी विद्यालय. लोकवर्गणी हा त्यांचा मोठा आधार होता. १९२० च्या दशकात खासगी शाळांना पूर्वपरवानगी सक्तीची झाली आणि हा मार्गही अरुंद झाला.

६/ आता शिक्षकांकडे पाहा. हिप्परग्याच्या शाळेत शिकवणारे व्यंकटेश खेडगीकर १९३२ मध्ये संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. पुढे ते अंबाजोगाईच्या शाळेत आले. १९३८ मध्ये त्यांनी शाळा सोडून सत्याग्रहात उडी घेतली आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेतृत्व केले.

७/ त्याच वर्षी उस्मानियाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. अनेकांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले.

८/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ मध्ये औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा हिंगोली जिल्हा झाला.

९/ मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा रस्ते आणि सिंचनापाशी थांबते. ज्या घरात आजोबांचे शिक्षण भाषेमुळे प्राथमिकपाशीच थांबले, त्या घराची शैक्षणिक सुरुवात एक पिढी उशिरा झाली. हाही अनुशेषच होय, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

१०/ मित्रहो, गावच्या जुन्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मिळाले तर अवश्य पाहा. नोंदी उर्दूत आणि तारखा फसली सनात असू शकतात. फसली सनात ५९० मिळवले की साधारण इसवी सन मिळतो. ही पाने जीर्ण होत आहेत, आणि ती वाचू शकणारी माणसेही थोडी उरली आहेत. ती असेपर्यंत वाचून घ्यायला हवीत.