सवयीची झोप, भुलीची झोप

दारुड्याला भूल लवकर चढत नाही, हे भूल देण्याच्या धंद्याला जवळजवळ जन्मापासून ठाऊक आहे. 1846 मध्ये बोस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला, पुढच्याच वर्षी एडिंबरात सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणले. 1858 मध्ये लंडनच्या जॉन स्नोचा क्लोरोफॉर्मवरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर निघाला, तेव्हा नित्य पिणाऱ्यांची धडपड आणि त्यांचे ताठरणारे स्नायू ही नवलाची बाब राहिली नव्हती. (पटकीचा माग पाण्याच्या पंपापर्यंत काढणारा स्नो तो हाच.) निरीक्षण पक्के होते, धडा मात्र अर्धाच घेतला गेला: औषध जास्त लागते ना, मग जास्त द्या. माझे म्हणणे असे की, नित्याच्या गुंगीची सवय भुलीची मात्रा नुसती वाढवत नाही. झोप आणि मृत्यू यांच्यामध्ये वैद्य जे अंतर गृहीत धरतो, तेच ती बिघडवते. हे उमगायला शतक जावे लागले.

क्लोरोफॉर्मने माणसे दगावतात ती कशाने, या वादाचा एक मोठा अंक हैदराबादेत रंगला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तिथले रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचा हेका असा की नाडी सोडा, श्वास पाहा. निजामाच्या आश्रयाने 1888 आणि 1889 मध्ये दोन आयोग बसले. दुसऱ्यासाठी ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांना विलायतेहून धाडले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि कौल लॉरींच्या बाजूने गेला: आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणजे मृत्यू अतिमात्रेचा. 1911 मध्ये गुडमन लेव्हीने मांजरांवर प्रयोग करून दुसरेच टोक दाखवले. भूल अर्धवट असताना अंगात अ‍ॅड्रिनलिन उसळले, तर हृदयाची लय विस्कटून ते एकाएकी बंद पडते. या दोन निष्कर्षांच्या मध्ये दारुड्याला ठेवून पाहा. त्याची अर्धवट अवस्था लांबते आणि तो झटापट करतो ती नेमकी त्याच वेळी. ती आवरायला रुमालावर क्लोरोफॉर्मचे आणखी थेंब पडले की दुसरा, अतिमात्रेचा धोका जवळ येतो. लेव्हीने दारुड्यांवर काही सिद्ध केले नव्हते, हा जोड माझा आहे. पण अशा रोग्याला ‘आडदांड’ म्हणून मोकळे होणाऱ्यांना तो सुचायला हरकत नव्हती.

बार्बिट्युरेट ही झोपेची औषधे आली आणि ही गोष्ट दारूच्या गुत्त्यातून सभ्य घरातल्या उशाशी पोचली. 1903 मध्ये व्हेरोनल, 1912 मध्ये फेनोबार्बिटल. 1934 पासून त्याच कुळातले थायोपेंटोन शिरेतून भूल देण्यासाठी वापरात आले. झोपेची गोळी आणि शस्त्रक्रियेची भूल आता सख्खी भावंडे झाली. या कुळाने एक क्रूर हिशोब उघडा केला. सवयीच्या माणसाला झोप लागण्यासाठी मात्रा वाढवत न्यावी लागते, पण श्वास बंद पाडणारी मात्रा त्या मानाने फारशी वर सरकत नाही. जमीन वर येते, छत तिथेच राहते. ‘जास्त द्या’ या उत्तराविरुद्ध यापरता पुरावा कोणता हवा?

यावर आजचा भूलतज्ज्ञ म्हणेल की हा जुना इतिहास झाला. आता प्रोपोफॉल हे भुलीचे औषध थोडेथोडे देत परिणाम पाहता येतो, श्वासाची नळी असते, पडद्यावर आकडे दिसतात. आक्षेपात तथ्य आहे. मात्रा मोजण्याची खरी सोय 1960 च्या दशकात झाली. कापल्यावर निम्मे रोगी हलत नाहीत अशी वायूची पातळी हे माप एगर आणि सहकाऱ्यांनी रुजवले, आणि नित्य पिणाऱ्यांत ती पातळी वर सरकते हे मग आकड्यांत सांगता आले. त्याच मापाने दुसरी बाजूही दाखवली. शुद्धीतल्या जुन्या दारुड्याला भूल जास्त लागते, तर पिऊन आलेल्याला कमी; म्हणजे एकाच माणसाचा हिशोब सकाळी एक आणि रात्री दुसरा. वय वाढते तशी भुलीची गरज घटते, आणि झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. वय मात्रा खाली ओढते, सवय वर. शिवाय दारूबद्दलचा पुरावा जितका भक्कम, तितका डायझेपामच्या जातीच्या गोळ्यांबद्दल नाही. रात्रीच्या एका लहान गोळीने फार फरक पडत नसावा, हेही मान्य करायला हवे.

पण पडद्यावरचे आकडे शस्त्रक्रियेपुरते; सवयीची गोळी एकदम तुटली तर धोका नंतर येतो. 1950 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन येथे हॅरिस इस्बेल यांनी कैद्यांना काही महिने बार्बिट्युरेट देऊन ती एकदम बंद केली, तेव्हा आकड्या आल्या आणि भ्रमही झाला. प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि तेच बरे. निष्कर्ष मात्र उरला. 1960 मध्ये ‘सुरक्षित’ म्हणून आलेल्या, डायझेपामच्याच जातीच्या लिब्रियमबाबत पुढच्याच वर्षी तसाच अनुभव नोंदला गेला. फरक इतकाच की ते औषध अंगातून सावकाश जाते, म्हणून त्रास काही दिवसांनी उफाळला. तोवर शस्त्रक्रिया झालेला रोगी वॉर्डात किंवा घरी असतो. तो बरळू लागला की दोष भुलीला, तापाला, म्हातारपणाला दिला जातो. बंद पडलेली गोळी कोणाला आठवत नाही, कारण ती कागदावर आलेलीच नसते. म्हणून उपाशीपोटी राहण्याची सक्ती असूनही, रोजची गोळी शस्त्रक्रियेच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायला अनेकदा सांगितले जाते, आणि भूलतज्ज्ञ आदल्या दिवशीच विचारतो: झोपेसाठी काय घेता, किती, आणि किती वर्षे?