भरताचं चक्र आणि आईच्या पाटल्या



दिवाळीनंतर आम्ही चार दिवस मालगुंडला होतो. केशवसुतांचं घर बघून झालं आणि स्मारकाच्या आवारात जरा टेकलो, तर पुतण्याने पिशवीतून जाडजूड पुस्तक काढलं. टोल्किन या इंग्रज लेखकाचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज', १९५४-५५ साली आलेलं.

"काकू, यात एक अंगठी आहे. बोटात घातली की माणूस दिसेनासा होतो. पण जवळ बाळगणारा हळूहळू बिघडतो. एकाने तर तिच्यासाठी मित्राचा गळा दाबला. ती आगीत टाकायला गेलेला नायकसुद्धा ऐन वेळी म्हणतो, देणार नाही. आपल्या पुराणात आहे का असं काही?"

आहे की. अंगठी नाही, चक्र.

आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, आदिपुराण रचलं. त्यातली ही कथा तुम्ही पाठशाळेत ऐकलीच असेल. ऋषभदेवांचा थोरला मुलगा भरत चक्ररत्नाच्या बळावर दिग्विजय करून अयोध्येला परतला, तर चक्र वेशीतच अडलं. भाऊ अजून शरण आले नाहीत, असा पुरोहितांनी अर्थ सांगितला. बाकीच्या भावांनी राज्य सोडून दीक्षा घेतली. बाहुबली मात्र वाकला नाही. सैन्य मरू नये म्हणून दोघांतच दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध ठरलं. तिन्हींत भरत हरला आणि रागाच्या भरात त्याने भावावर चक्र सोडलं! चक्राने बाहुबलीला प्रदक्षिणा घातली आणि ते शांत उभं राहिलं. बाहुबलीला या सगळ्याची शिसारी आली. जिंकलेलं राज्य भावाकडेच ठेवून तो तपाला निघून गेला.

त्याच बाहुबलीची ५७ फुटी मूर्ती चामुंडरायाने इ. स. ९८१ च्या सुमारास श्रवणबेळगोळला उभारली. तिच्या पायाशी मराठीत कोरलंय, 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. आपल्या भाषेतल्या फार जुन्या लेखांपैकी हा एक. कुंभोजची २८ फुटी मूर्ती तर आपण कितीदा पाहिली. पण हात जोडताना मी नेहमी बाहुबलीचाच विचार केला, भरताचा कधीच नाही.

पुतण्याशी बोलताना एक फरक ध्यानात आला. त्या पुस्तकातली अंगठीच दुष्ट आहे, म्हणून ती नष्ट करावी लागते. आपलं चक्र दुष्ट नव्हतं. ते घरच्या माणसावर चाललंच नाही. बिघडलं होतं ते भरताचं मन. परिग्रह म्हणजे नुसती वस्तू नव्हे, तिच्यावरची मूर्च्छा, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं ते हेच.

आता घरचं सांगते. आई गेली तेव्हा तिच्या चार पाटल्या माझ्या कपाटात राहिल्या. धाकटीने दोन मागितल्या. आईचं दुखणं मी काढलं, म्हणून मी नाही म्हटलं. तीन वर्षं आमचं बोलणं नाही. कुणी विचारलं की मी म्हणायची, सोन्याने बहिणी तोडल्या. जणू पाटल्याच भांडल्या!

श्वेतांबर परंपरेत भरताची पुढची गोष्ट आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांनीही ती सांगितली आहे. आरसेमहालात भरताच्या बोटातली अंगठी गळून पडली. उघडं बोट त्याला निस्तेज दिसलं. मग त्याने एकेक दागिना उतरवून पाहिला, शोभा सगळी उसनी होती हे त्याला कळलं आणि तिथेच केवलज्ञान झालं. भावावर चक्र फेकणाराही सुटला, याचा मला फार आधार वाटतो.

मालगुंडहून आल्यावर मी कपाट उघडलं. दोन पाटल्या वेगळ्या बांधल्या आणि धाकटीला फोन लावला. पहिल्यांदा तिने उचलला नाही. संध्याकाळी तिचाच आला. "ताई, जेवलीस का?" एवढंच विचारलं. येत्या अष्टमीला तिच्याकडे जाणार आहे.