रंगभूमीवरचा गवई

जुळे सोलापुरातील आमच्या शेजारच्या मंडळींनी मागे 'सौभद्र' बसविण्याचे घाटले, तेव्हा सुभद्रेच्या निवडीवरून दोन तट पडले. एका मुलीने दहा वर्षे रीतसर गाणे शिकलेले. परंतु संवाद म्हणू लागली की ती भिंतीशी बोलते आहे असे वाटे. दुसरी बोलू लागली की माणसे हातातले काम टाकून ऐकत. गळा मात्र बेताचा. निवाड्यासाठी मला पाचारण झाले. हा तंटा आपल्या संगीत नाटकाइतकाच जुना आहे, एवढे मी प्रथम त्यांस सांगितले.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, त्यात दुष्यंत मोरोबा वाघोलीकरांचा आणि कण्व बाळकोबा नाटेकरांचा. दोघेही नामांकित गाणारे. तथापि नाटकातील दोनशेहून अधिक पदांपैकी पुष्कळांची वळणे साकी, दिंडी अशी, कीर्तनामुळे घरोघर ओळखीची झालेली होती. पद चालू असता कथाही चालू राही. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात पिटातल्या शेवटच्या मनुष्यापर्यंत शब्द पोहोचविणे हीच नटाच्या गळ्याची परीक्षा होती. पुढे बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले ते अशाच उंच, स्वच्छ आवाजाच्या बळावर. घराण्याच्या तालमीच्या नव्हे.

ही तालीम नाटकात आली ती भास्करबुवा बखल्यांच्या हातून, आणि ती आली कशी हे पाहण्यासारखे आहे. बुवा लहानपणी किर्लोस्कर मंडळीतच नट होते. आवाज फुटला आणि नटाचा पेशा संपला. मग बडोद्याचे फैजमहंमदखाँ, आग्रा घराण्याचे नत्थनखाँ आणि अखेर अल्लादियाखाँ अशा उस्तादांच्या पायाशी त्यांनी वर्षानुवर्षे काढली. ख्यालगायक म्हणून मान्यता मिळाल्यावर ते नाटकाकडे परतले, परंतु तोंडाला रंग लावून नव्हे, तर गुरू म्हणून. १९१६ सालच्या 'स्वयंवरा'च्या चाली त्यांच्या. रागदारीच्या चिजा त्यांनी रुक्मिणीच्या, म्हणजे बालगंधर्वांच्या, तोंडी घातल्या. फुटलेल्या आवाजाने मुलाची रंगभूमी हिरावली. तिचे देणे त्याने दुसऱ्याच्या गळ्यातून फेडले. गवई आणि नट यांचा याहून शहाणपणाचा समझोता माझ्या पाहण्यात नाही.

समझोत्याची किंमत नाटकाला द्यावी लागली, हेही खरे. 'वन्स मोअर'ची आरोळी उठली की कथा जागच्या जागी गोठे, आणि कृष्णाने मुकाट उभे राहावे! ८ जुलै १९२१ रोजी मुंबईस टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. वझेबुवांच्या तालमीत तयार झालेले केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. प्रेक्षक लोटले ते धैर्यधराचे भामिनीशी लग्न जुळते की नाही, याची काळजी वाटून खचितच नव्हे.

स्वतः गवईच रंगभूमीवर उतरले, अशीही उदाहरणे आहेत. आम्हा सोलापूरकरांना त्यांतले जवळचे वाटते ते कुंदगोळच्या रामभाऊंचे. एकाच वाड्यात कन्नड आणि मराठी नांदलेली आम्ही माणसे. मातृभाषा कन्नड, गुरू किराण्याचे अब्दुलकरीमखाँ, आणि कीर्ती मिळाली मराठी सुभद्रेच्या वेषात, 'सवाई गंधर्व' या नावाने. शिष्याने नाटकात जावे हे खाँसाहेबांना रुचले नाही, असे सांगतात. पण १९२९ साली त्यांच्याच कन्या हिराबाई बडोदेकर भावंडांसह रंगभूमीवर आल्या, आणि स्त्रीची भूमिका तालमीच्या गळ्याच्या स्त्रीने करावी हा साधा न्याय मराठी नाटकाला उमगू लागला.

गवयाला गवयाचेच काम देण्याची युक्ती मात्र पुष्कळ उशिरा साधली. १९६७ साली दारव्हेकरांच्या 'कट्यार काळजात घुसली' मध्ये वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन झाले. सैन्याच्या हिशेबखात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ; गाणे अनेक गुरूंचे, पण एका घराण्याच्या चौकटीत न मावणारे. येथे कलह गायकीचाच असल्यामुळे तान घेतली म्हणून कथा थांबत नाही. उलट तानेनेच ती पुढे सरकते. जितेंद्र अभिषेकींनी चाली दिल्या त्याही हे ओळखून. परंतु प्रत्येक नाटकात खाँसाहेब कोठून आणावे? सुभद्रा ही कोणाची शिष्या नव्हे. रुसलेली, घाबरलेली मुलगी आहे.

म्हणून मी बोलणाऱ्या मुलीच्या बाजूने कौल दिला, आणि पदे शिकविण्याचे काम गाणाऱ्या मुलीकडे सोपवावे असे सुचविले. ती आठ दिवस तालमीस फिरकली नाही. तिच्या आईने मला रस्त्यात गाठून, दहा वर्षांच्या मेहनतीचे हेच का फळ, म्हणून विचारले. मजपाशी उत्तर नव्हते. भास्करबुवांची गोष्ट सांगावीशी वाटली, पण ती सांगण्याची ती वेळ नव्हती. नवव्या दिवशी मुलगी आपणहून आली आणि पेटीपाशी बसली. तिने निम्म्या पदांतल्या ताना काढून टाकल्या.

प्रयोगाच्या रात्री एकदाच 'वन्स मोअर' झाला. सुभद्रेने विंगेकडे पाहिले. पेटीमागून ती मान हलवून 'नको' म्हणाली.