मैदानावरील अन्यायाची दाद

खेळाचा इतिहास म्हटला म्हणजे विजयांची व विक्रमांची यादी डोळ्यांपुढें उभी राहते. कोणीं किती धावा काढल्या, कोणीं कोणास चीत केलें, हें आपण मोठ्या आवडीनें सांगतों व ऐकतों. परंतु याच इतिहासाला दुसरीहि एक बाजू आहे. खेळाडूला मैदानावर व मैदानाबाहेर कसें वागविलें गेलें, त्याचा अपमान अथवा छळ झाला तेव्हां त्यानें दाद कोठें मागितली, आणि ती कोणीं ऐकली, ही ती बाजू होय. आज मी तिच्याविषयीं बोलणार आहें. आणि त्यासाठीं महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनांतील एका घराण्याची हकीकत प्रथम सांगणार आहें.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें एका चर्मकार कुटुंबांत झाला. वडील लष्करांत नोकरीस होते. पुण्यास आल्यावर बाळूंनीं प्रथम पारशी मंडळींच्या व नंतर युरोपियनांच्या क्लबांत मैदानाची निगा राखण्याचें काम पत्करलें. खेळपट्टी झाडावी, रूळ फिरवावा आणि साहेबांना सरावासाठीं चेंडू टाकावे, असा त्यांचा दिनक्रम असे. डाव्या हातानें संथ पण फसवा चेंडू टाकण्याची त्यांची कला याच चाकरींत घडली. तासन्‌तास गोलंदाजी करणाऱ्या या माणसाच्या हातीं बॅट देण्याचें मात्र त्या क्लबांत कोणाच्या मनांत आलें नाहीं.

पुढें पुण्याच्या हिंदु संघाला युरोपियनांचा पाडाव करावयाचा होता, म्हणून त्यानें बाळूंना आपल्यांत घेतलें. मैदानावर सर्वांनीं एकच चेंडू हाताळला. परंतु चहाची वेळ झाली म्हणजे इतर मंडळी पॅव्हिलियनमध्यें कपबशींतून चहा घेत, आणि बाळूंना तो बाहेर मातीच्या भांड्यांत मिळे. जेवणाचें ताटहि निराळें मांडलें जाई. ही सारी मंडळी शिकलीसवरलेली होती, आणि खेळ हौसेचा होता. तरीहि हा प्रकार सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले.

मुंबईस आल्यावर बाळू हिंदु जिमखान्याच्या संघाचा आधारस्तंभ झाले. १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षीं हिंदूंनीं युरोपियनांना हरविलें, त्यांत त्यांचा वांटा मोठा होता. १९११ सालीं पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं हिंदी संघ इंग्लंडला गेला, तेव्हां त्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. गुण असले म्हणजे अन्याय आपोआप दूर होतो, असें आपण मुलांना सांगतों. तसें असतें तर या दौऱ्यानंतर हिंदु संघाचें नायकत्व बाळूंकडे चालत यावयास हवें होतें. अनुभवानें आणि पराक्रमानें तो अधिकार त्यांचाच होता. परंतु वर्षांमागून वर्षें गेलीं, तरी तें त्यांना मिळालें नाहीं.

१९२० सालीं प्रकरण हातघाईवर आलें. त्या वर्षीं चौरंगी सामन्यांसाठीं संघ निवडतांना बाळूंना वगळण्यांत आलें, आणि त्यांचे बंधु विठ्ठल यांचा हक्क डावलून नायकत्व दुसऱ्यास देण्यांत आलें. तेव्हां विठ्ठल व शिवराम या दोघां भावांनीं संघांतून आपलीं नांवें काढून घेतलीं. ते नुसते रुसून घरीं बसले नाहींत. त्यांनीं जाहीर निवेदन काढलें आणि आपल्याला डावलण्यामागें खेळ नसून जात आहे, असें स्पष्ट म्हटलें. त्या निवेदनानें मोठी खळबळ उडाली. अखेर तडजोड झाली. अंतिम सामन्याच्या वेळीं बाळूंना परत बोलावून उपनायक करण्यांत आलें. पुढें १९२३ सालीं विठ्ठल हे नायक झाले, आणि त्या वर्षीं हिंदु संघानें चौरंगी सामने जिंकले. आपल्या या सर्व अनुभवांचें पुस्तक विठ्ठल यांनीं १९४८ सालीं मराठींत प्रसिद्ध केलें.

या हकीकतींतून कोणता बोध घ्यावयाचा? पालवणकर बंधूंनीं धैर्य दाखविलें, हें खरेंच. पण त्यांना एवढें धैर्य दाखवावें कां लागलें, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. ज्या समितीनें अन्याय केला, तिच्याखेरीज तक्रार ऐकणारें दुसरें कोणी नव्हतें. म्हणून त्यांना वर्तमानपत्रांकडे जावें लागलें, आणि दाद मागण्याची किंमत म्हणून आवडता खेळच पणाला लावावा लागला. ते नामांकित होते, तिघे भाऊ एकमेकांच्या पाठीशीं होते, लोकमत त्यांच्याकडे वळण्यासारखें होतें. ज्याला नांव नाहीं, पाठीराखा नाहीं, अशा चौदा वर्षांच्या खेळाडूनें काय करावें?

कोणी म्हणेल, हा तर जातिभेदाचा प्रश्न. आजच्या मैदानावरील छळाशीं त्याचा काय संबंध? संबंध असा कीं, रोग निराळा दिसला तरी तो पसरण्याची रीत एकच आहे. खेळांत निवड एकाच्या हातीं असते. त्याची मर्जी गेली तर संघांतील जागा जाते, म्हणून ज्याच्यावर बेततें तो गप्प राहतो. आणि आंत बसून चहा घेणारे सोबती तें पाहत असूनहि पाहत नाहींत. शिस्तीच्या नांवाखालीं मारहाण, वजन उतरविण्यासाठीं उपासमार, चारचौघांत केलेली मानहानि, आणि सर्वांत भयंकर म्हणजे विश्वासानें सोंपविलेल्या मुलामुलींशीं लैंगिक दुर्वर्तन, हीं सारीं याच मौनाच्या आश्रयानें वाढतात.

इतर देशांनाहि हा धडा उशिरांच मिळाला. इंग्लंडमध्यें १९८८ च्या ऑलिंपिक जलतरणपटूंच्या प्रशिक्षकास मुलींवरील अत्याचारांबद्दल १९९५ सालीं १७ वर्षांची शिक्षा झाली. त्यानंतर तेथें खेळांतील मुलांच्या संरक्षणासाठीं २००१ सालीं स्वतंत्र विभाग स्थापन झाला. आपल्याकडे २०१० सालीं महिला हॉकी संघांतून प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार झाली, आणि त्याच वर्षीं केंद्र सरकारनें खेळांतील महिलांच्या छळास आळा घालण्यासाठीं सूचना काढल्या. पुढें २०१२ चा पॉक्सो कायदा आला. कामाच्या ठिकाणीं महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ सालीं झाला, आणि त्याच्या व्याख्येंत क्रीडासंस्था, क्रीडासंकुल व सामन्यांचीं ठिकाणें यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

तथापि कायदा झाला म्हणजे दार उघडलें असें होत नाहीं. जानेवारी २०२३ मध्यें देशाच्या नामांकित कुस्तीगीर स्त्रिया आपल्या महासंघाच्या अध्यक्षांविरुद्ध गाऱ्हाणें घेऊन दिल्लीस जंतरमंतरवर बसल्या. अध्यक्षांनीं आरोप नाकारले, आणि त्यांचा निवाडा हें न्यायालयाचें काम आहे. परंतु सरकारनें नेमलेल्या देखरेख समितीला एक गोष्ट आढळली: कायद्यानें सांगितलेली अंतर्गत समिती त्या महासंघांत रीतसर नेमलेलीच नव्हती. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर, २८ एप्रिल रोजीं पोलिसांत गुन्हे नोंदले गेले. १९२० सालीं दोघां भावांना जी वाट धरावी लागली, तीच वाट शंभर वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळविलेल्या मुलीलाहि धरावी लागली. २०२५ सालीं संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यांत प्रत्येक राष्ट्रीय क्रीडासंस्थेनें खेळाडूंच्या सुरक्षिततेचें धोरण ठरवावें व तक्रारनिवारणाची व्यवस्था ठेवावी, असें सांगितलें आहे.

राष्ट्रीय संस्थांचें असें आहे. परंतु बहुतेक मुलें खेळतात तीं गांवच्या मैदानावर. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याचें उदाहरण घ्या. शालेय स्पर्धांची पायरी तालुक्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्यावरून नागपूर विभागास आणि तेथून राज्यास चढते. देवरी अथवा सालेकसा तालुक्यांतील आश्रमशाळेंतली मुलगी कबड्डीच्या संघांतून नागपुरास जाते, तेव्हां आईबाप गांवीं असतात, मुक्काम परगांवीं असतो, आणि परतीच्या गाडीपासून पुढल्या निवडीपर्यंत सारें शिक्षकांच्या हातीं असतें. पुष्कळसे शिक्षक पोटच्या मुलांप्रमाणें मुलांना सांभाळतात. परंतु मुलांची सुरक्षितता कोणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाहीं. ती नियमानें बांधलेली असावी लागते.

ते नियम साधे आहेत. मुलींच्या संघाबरोबर एक जबाबदार स्त्री असावीच. निजण्याची खोली, कपडे बदलण्याची जागा व प्रवास यांत एकटें मूल व एकटा प्रौढ असा प्रसंग येऊं देऊं नये. सराव पाहावयास येणाऱ्या पालकाला मज्जाव करणाऱ्या मंडळाबद्दल संशय बाळगावा. शाळेंत मुलांना शारीरिक शिक्षा अथवा मानसिक छळ करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें बंदी आहे, आणि शाळेच्या मैदानावरहि छडी क्षम्य मानूं नये.

तक्रारीचे मार्गहि आज आहेत. मूल अथवा कोणीहि १०९८ या क्रमांकावर फुकट दूरध्वनि करूं शकतें. प्रत्येक जिल्ह्यास बालकल्याण समिती असावी, असा कायदा आहे. प्रौढ स्त्री-खेळाडूच्या संस्थेंत अंतर्गत समिती नसेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तिला तीन महिन्यांच्या आंत लेखी तक्रार देतां येते. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. बाळूंच्या वांट्यास आलेल्या जातीय अपमानाला आज १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदा लागू पडेल.

पॉक्सो कायद्यानें तर पाहणाऱ्यावरच कर्तव्य लादलें आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचें ज्याला ठाऊक आहे, किंवा होईल अशी भीति वाटते, त्यानें पोलिसांना कळविलेंच पाहिजे. जाणून न कळविणें हा सहा महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे; आणि संस्थाप्रमुखानें हाताखालच्या माणसाचें कृत्य दडपल्यास ती शिक्षा एक वर्षापर्यंत होऊं शकते. उलट, सद्‌हेतूनें खबर देणाऱ्यास कायद्याचें संरक्षण आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरीं घेतां येतो, आणि तो घेणारा अधिकारी गणवेशांत नसावा, असेंहि कायदा सांगतो. पुरावा गोळा करणें हें पालकाचें काम नव्हे. मुलाचें म्हणणें शांतपणें ऐकावें, तूं सांगितलेंस तें बरें केलेंस असें म्हणावें, आणि तें योग्य ठिकाणीं पोंचवावें.

बाळूंच्या बरोबर खेळणाऱ्या दहा जणांपैकीं एकानें जरी आपली कपबशी उचलून बाहेर त्यांच्याशेजारीं बसावयाचें ठरविलें असतें, तरी त्या संघांतील तो प्रकार फार दिवस टिकला नसता. आज तें उठणें कायद्यानें आपल्यावर बंधनकारक केलें आहे. आपलें मूल ज्या संघांत खेळतें, त्याच्या चालकांना उद्यां भेटून एवढेंच विचारा कीं, येथें मुलाला तक्रार करावयाची झाल्यास ती कोणाकडे करावयाची. उत्तर मिळालें तर तें मुलाला सांगून ठेवा. न मिळालें तर पुढील सामन्यापूर्वीं त्या व्यक्तीचें नांव ठरवून घ्या व तें फलकावर लिहवून घ्या.