ड्राय फायर केल्याने पिस्तूल खराब होतं का?

उत्तर आधीच देऊन टाकतो. सेंटरफायर पिस्तूल असेल तर सहसा नाही. .२२ असेल तर होऊ शकतं. आणि स्प्रिंगवालं एअर पिस्तूल असेल तर होतंच, त्यामुळे ते करूच नका. आता यामागचं कारण बघू. ते एकदा कळलं की हातात कुठलंही मॉडेल आलं तरी अंदाज बांधता येतो.

ड्राय फायर म्हणजे काडतूस किंवा छर्रा न भरता चाप ओढणे. आम्ही सॉफ्टवेअरवाले खरा डेटा न बदलता प्रोग्रॅम चालवून बघतो, त्याला ड्राय रन म्हणतो. नेमबाजांचं हेच, फक्त खूप जुनं. १० मीटर एअर पिस्तूलच्या टार्गेटवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर असतं. चाप ओढताना मनगट किंचित हललं तरी नेम गेला. खऱ्या गोळीचा आवाज आणि धक्का ही चूक झाकून टाकतो, रिकाम्या पिस्तुलात ती स्पष्ट दिसते. शिवाय खर्च शून्य.

आम्ही विश्रामबागेतले, म्हणजे कोल्हापूर शेजारीच. तिथल्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणलं. हे दोन्ही प्रकार .२२ चे आहेत, आणि खरी गोम तिथेच आहे.

.२२ चं काडतूस रिमफायर असतं. त्याचा पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, म्हणून फायरिंग पिन मध्यभागी न लागता कडेवर आपटते. काडतूस असेल तर मऊ पितळ तो मार सोसतं. काडतूस नसेल तर काही पिस्तुलांत पिन थेट चेंबरच्या स्टीलच्या कडेवर बसते. पोलाद पोलादावर! दोन-चार वेळा काही दिसणार नाही. पण शेकडो वेळा झालं की कडेला खाच पडते, तिथला धातू आत उचलला जातो, मग काडतूस नीट बसत नाही किंवा निघत नाही. पिनचं टोकही बोथट होतं, मग मिसफायर सुरू. काही कंपन्या पिनला आधीच अडवणारा स्टॉप देतात, उदाहरणार्थ रुगरची मार्क मालिका. तिथे हा त्रास नाही. म्हणून '.२२ आहे का' एवढंच विचारून भागत नाही, त्या मॉडेलचं मॅन्युअल बघावंच लागतं. पीडीएफ फोनवर पाच मिनिटांत मिळते.

९ मिलिमीटरसारख्या सेंटरफायरमध्ये पिन एका भोकातून मध्यभागी बाहेर येते आणि समोर फक्त मोकळी जागा असते. आपटायला काही नाही, म्हणून आधुनिक पिस्तुलं हे सहज सहन करतात. अपवाद आहेत. जुन्या चेकोस्लोव्हाक सीझेड ५२ ची पिन ड्राय फायरने तुटते अशी तिची ख्यातीच आहे.

एअर पिस्तूलमध्ये दोन वेगळ्या जाती आहेत आणि लोक नेमका इथेच घोळ करतात. जत्रेत फुगे फोडायची बंदूक आठवा. नळी मोडून ताणायची ती स्प्रिंगवाली. तिच्यात स्प्रिंग सुटली की पिस्टन पुढे धावतो. छर्रा नळीत अडलेला असल्यामुळे पुढची हवा दबते आणि पिस्टनला गादीसारखी थोपवते. छर्रा नसेल तर हवा भसकन निघून जाते, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर आदळतो, सील फाटतं, स्प्रिंग लवकर जाते. धनुष्याचंही असंच असतं. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिनला ज्या प्रकारात जगज्जेतेपद जिंकलं, ते कंपाऊंड धनुष्य बाण न लावता सोडलं तर मोडूही शकतं. ऊर्जा कुठेतरी जाणारच ना.

स्पर्धेतली एअर पिस्तुलं मात्र दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर यांच्या मॅच पिस्तुलांत ड्राय फायरची सोयच दिलेली असते: ट्रिगर खऱ्यासारखा सुटतो, हवा सुटत नाही. तिथे बिनधास्त करा.

.२२ साठी उपाय म्हणजे स्नॅप कॅप किंवा प्लास्टिकचा प्लग. चेंबरमध्ये तो बसवला की पिनचा मार तो घेतो. खड्डे पडले की फेकून नवा घ्या. काही जण उडवलेली पुंगळी वापरतात. मला ते पटत नाही. पितळी पुंगळी आणि जिवंत काडतूस घाईत सारखंच वाटू शकतं, रंगीत प्लास्टिक तसं वाटत नाही.

आणि बिघडलेली पिन बदलता येते, माणूस नाही. मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि नळी माणूस नसलेल्या पक्क्या भिंतीकडेच. मध्ये फोन वाजला आणि सराव थांबला तर परत पहिल्यापासून तपासा. रीलसाठी मित्राकडे रोखून चाप ओढणं हा ड्राय फायर नव्हे.

फोनचा चांगला उपयोगही आहे. स्कॅटसारखा सेन्सर नळीला लावला की चाप ओढताना नेम कसा सरकला याची रेघ स्क्रीनवर येते. तो महाग वाटला तर फोन ट्रायपॉडवर बाजूला लावून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. चाप सुटायच्या क्षणी नळीचं टोक खाली जातंय का, तेवढं त्यात दिसतं.